ठोकळे परत कोण ठेवणार?

घरात लेगोचे (किंवा लेगोसारखे) ठोकळे पाच-सहा किलोच्या वर गेले की घरातल्या इंजिनियरच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागतो. हे सगळं नीट लावून ठेवलं पाहिजे! मग तो इंजिनियर बाप असो, काका असो, मामा असो नाहीतर (आमच्या हापिसात एक आहे) बिनलग्नाचा आणि स्वतःसाठीच ठोकळे घेणारा असो. रंगाप्रमाणे लावू का आकाराप्रमाणे? किती डबे लागतील? डब्यांवर लेबलं कशी लावायची? दोन-तीन विकांत यात आरामात जातात, आणि खरं सांगायचं तर मजाही येते.

पण माझं मत असं की हे सगळे प्रश्न दुसऱ्या नंबरचे आहेत. पहिला प्रश्न एकच: ठोकळे परत कोण ठेवणार? त्याचं उत्तर मिळालं की रंग, आकार, डबे, लेबलं हे सगळं आपोआप ठरतं. आणि त्याचं उत्तर न शोधता लावलेला संग्रह शेवटी दोनपैकी एका ठिकाणी जातो. एकतर सगळे ठोकळे महिन्याभरात पुन्हा एका पोत्यात, नाहीतर सगळे डबे कपाटात आणि कपाटाला कुलूप. यातला दुसरा शेवट जास्त वाईट. का ते पुढे सांगतो.

थोडी पार्श्वभूमी. आमचं गाव डाळज. पुणे-सोलापूर रस्त्याने भिगवण मागे टाकलं की पळसदेवच्या अलीकडे. एका बाजूला उजनीचं पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस. पुण्याहून शंभरेक किलोमीटर, त्यामुळे महिन्यातले दोन विकांत तरी मी तिकडेच असतो. घरी दादाची दोन मुलं, शेजारच्या घरांतली चार-पाच, आणि मे महिन्यात मुंबई-पुण्याकडची भाचरं धरून हा आकडा बारा-पंधरावर जातो. गेल्या काही वर्षांत पुण्यात जुने ठोकळे जिथे मिळाले तिथून मी घेत गेलो. कुणाची मुलं मोठी झाली, कुणी ऑनसाइटहून परत येताना बॅग भरून आणले, कुणी फ्लॅट बदलताना नको म्हणून दिले. आता ते चौदा किलो झालेत. नग मोजलेले नाहीत, पण अंदाजे दहा हजार धरा.

दहा हजार नग म्हणजे काय प्रकरण आहे हे आधी समजून घेऊ. लेगोचा आपल्याला माहीत असलेला साधा ठोकळा, वर दोन ओळींत चार-चार उंचवटे असलेला, साधारण अडीच ग्रॅमचा. किलोत चारशेच्या आसपास बसतात. दोन उंचवट्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर, ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर, आणि पातळ पट्टीची उंची बरोबर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, म्हणजे ३.२. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या या कंपनीने जानेवारी १९५८ मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं. तेव्हाच्या मापाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसतो. (आपल्याकडे दोन वर्षांपूर्वीचा चार्जर आजच्या फोनला बसत नव्हता, ते आठवा.) कोपनहेगन विद्यापीठातले गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी असे एकाच रंगाचे फक्त सहा ठोकळे किती प्रकारे जोडता येतात ते कॉम्प्युटरवर मोजलं. उत्तर आलं ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५. फक्त सहा ठोकळे! दहा हजारांचं तुम्हीच बघा.

म्हणजे ढिगात शक्यता भरपूर आहेत. अडचण असते ती हवा तो ठोकळा वेळेवर हाताला लागण्याची. वर्गीकरणाचा उद्देश एवढाच.

आता तो सनातन वाद, रंग का आकार. बहुतेक लोक रंगापासून सुरुवात करतात, कारण रंगाने लावलेले डबे दिसायला झकास दिसतात. फोटो चांगला येतो. पण लाल ठोकळ्यांच्या डब्यात लाल रंगाची एक छोटी बिजागरी शोधून बघा. सगळंच लाल, डोळ्याला धरायला काहीच नाही. याउलट सगळ्या रंगांच्या बिजागऱ्या एका डब्यात असतील तर त्यातली लाल एका क्षणात दिसते. हा नुसता अनुभव नाही, यामागे मानसशास्त्र आहे. ॲन ट्रीझमन आणि गॅरी गेलाड यांचा १९८० सालचा या विषयावरचा शोधनिबंध प्रसिद्ध आहे. एका रंगाच्या गर्दीत वेगळ्या रंगाची वस्तू असेल तर गर्दी कितीही वाढली तरी ती चटकन डोळ्यात भरते. पण दोन गुण एकत्र हवे असतील, म्हणजे 'लाल पण आणि उभा पण', तर डोळा एकेक वस्तू तपासत जातो, आणि गर्दी वाढली की वेळही वाढतो. तेव्हा शोधताना रंगाचं काम डोळ्यावर सोपवावं आणि आकाराचं काम डब्यावर. नियम म्हणून हे पक्कं: लावायचे असतील तर आकाराने लावा, रंगाने नाही. अपवाद एकच, ठोकळ्यांची चित्रं किंवा रांगोळ्या करणारे. त्यांना रंगच लागतो.

इथपर्यंत कुणाचा फारसा वाद नसावा. वाद पुढे आहे: आकाराने लावायचे, पण किती बारीक?

डेटाबेसवर काम करणाऱ्यांना हे लगेच कळेल. टेबलावर एकेक इंडेक्स वाढवत गेलं की वाचन झटपट होतं, पण लिहिणं महाग होत जातं. प्रत्येक नवीन नोंद सगळ्या इंडेक्समध्ये चढवावी लागते. म्हणून शहाणा माणूस आधी विचारतो, इथे वाचन जास्त आहे का लिखाण? ठोकळ्यांचंही तेच. साठ कप्पे केले तर शोधणं स्वस्त, परत ठेवणं महाग. एकच पोतं ठेवलं तर परत ठेवणं फुकट, शोधणं महाग.

जरा हिशोब करू. आकडे ढोबळ आहेत. एका मुलाने तीनशे ठोकळ्यांचं घर बांधलं. मोडून परत ठेवायचंय. साठ कप्प्यांत ठेवायला प्रत्येक नगाला पाच सेकंद धरले तर पंचवीस मिनिटं. सहा डब्यांत ठेवायला दोन सेकंद धरले तर दहा मिनिटं. आणि पोत्यात भरायला एक मिनिट. आता सांगा, सात वर्षांचं पोरगं दिवेलागणीला, भूक लागलेली असताना, पंचवीस मिनिटं बसून बिजागऱ्या वेगळ्या करेल? दहा मिनिटं, कुणी सोबत बसलं तर, कदाचित करेल.

मग उरलेली पंधरा मिनिटं कुणाची? आपल्या घरांमध्ये याचं उत्तर सगळ्यांना माहीत आहे. आईची. व्यवस्था बाप नाहीतर काका लावणार, तिचं कौतुक पाहुण्यांसमोर करणार, आणि ती रोजच्या रोज टिकवायची कुणी, तर जिने ती मागितलीच नव्हती तिने. आमच्याकडे मी कागदावर कप्प्यांचे चौकोन आखत बसलो होतो तेव्हा वहिनी भाकरीचं पीठ मळता मळता एवढंच म्हणाली, "भावजी, हे परत भरायचं कुणी?" मी तो कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला नवीन हिशोब मांडला. या लेखातलं मुख्य वाक्य माझं नाही, तिचं आहे. श्रेय तिला.

आणि हा प्रश्न काही ठोकळ्यांपुरता नाही. लहान-लहान नगांचं प्रचंड भांडार रोज सोडायचं आणि रोज परत लावायचं, हा धंदा आपल्याकडे शे-दीडशे वर्षं जोरात चालला. तो म्हणजे छापखाना. हातजुळणीच्या काळात शिशाचे खिळे असायचे. एकेका अक्षराचा एकेक खिळा. जावजी दादाजींनी मुंबईत १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला, त्यांच्या खिळ्यांचं देशभर नाव होतं. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं मिळून खिळ्यांचे शेकड्यांनी प्रकार. जुळारी समोरच्या लाकडी केसमधून न बघता खिळे उचलायचा. जास्त लागणारी अक्षरं हाताजवळ, क्वचित लागणारी लांबच्या कोपऱ्यात.

पण छपाई झाल्यावर काय? पान सोडायचं, खिळे धुवायचे आणि एकेक खिळा ज्याच्या-त्याच्या घरात परत टाकायचा. हे वेगळं कामच होतं, त्याला वेळ धरलेला असायचा आणि माणूसही. कारण एक खिळा चुकीच्या घरात पडला की पुढच्या मजकुरात चूक ठरलेली. म्हणजे शेकडो कप्प्यांची व्यवस्था चालत होती ती परत ठेवण्याच्या कामाला पगार होता म्हणून. हे विसरून नुसते कप्पे उचलले तर ते घरात कसे चालतील? घरात तो पगारी माणूस नाही. (वहिनी म्हणजे तो पगारी माणूस नव्हे, हे पुन्हा एकदा.)

दुसरं उदाहरण आमच्या तालुक्यातलंच. इंदापूर भागात डाळिंब भरपूर. बागेतून माल आला की प्रतवारी होते. आकार, वजन, रंग, डाग बघून फळ वेगवेगळ्या क्रेटमध्ये जातं. ही प्रतवारी कुणासाठी? गिऱ्हाइकासाठी. बाजारात जेवढ्या प्रतींना वेगवेगळा भाव मिळतो तेवढ्याच प्रती केल्या जातात, त्यापेक्षा एकही जास्त नाही. दोन प्रतींना एकच भाव असेल तर त्या वेगळ्या करण्यात कुणी मजुरी घालवत नाही. शेतकऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. आपण मात्र कॉम्प्युटर शिकलो की तीन उंचवट्यांची पट्टी आणि चार उंचवट्यांची पट्टी यांना वेगळे डबे करतो. मुलाच्या लेखी दोन्हीचा भाव एकच, 'लांबडी पट्टी'.

(गावांनाही प्रतवारी चुकलेली नाही म्हणा. आमच्याकडे डाळज नंबर १, २ आणि ३ अशी गावं आहेत. परगावच्या माणसाचा गोंधळ होतो, आमचा होत नाही. वर्गीकरण वापरणाऱ्याला कळलं की झालं.)

आता यंत्रवाल्यांचं. आपल्यातले काही जण म्हणतील, कशाला एवढी चर्चा, कॅमेरा लावा, मॉडेल ट्रेन करा, मशीनच लावेल ठोकळे. झालंय ते. नेदरलँड्समधल्या जॅक मॅथेई या प्रोग्रॅमरने २०१७ मध्ये सरकता पट्टा, कॅमेरा, न्यूरल नेटवर्क आणि हवेच्या फवाऱ्याने ठोकळे उडवून वेगळे करणारं यंत्र बनवलं. पण त्याच्याकडे किती माल होता? दोन टनांच्या वर! २०१९ मध्ये डॅनियल वेस्टने चक्क लेगोचेच दहा हजार ठोकळे वापरून ठोकळे वेगळे करणारं यंत्र केलं. दोन्ही कामं अफाट आहेत, माझा सलाम. पण वेस्टच्या यंत्रातली एक गोष्ट बघा. कॅमेऱ्यामागचा प्रोग्रॅम हजारो आकार ओळखायला शिकवलेला, आणि खाली डबे अठरा. ओळखता किती येतं आणि वेगळं किती ठेवायचं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण इंजिनियर पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला देऊन मोकळे होतो.

आता तो दुसरा शेवट, कुलूपवाला.

मराठी मध्यमवर्गीय घरात शोकेस नावाची एक गोष्ट असते. चांगली वस्तू आली की ती तिथे वर जाते. 'खराब होईल', 'हरवेल', 'मोठा झालास की खेळ'. मूल मोठं होतं, वस्तू तिथेच. ठोकळ्यांच्या बाबतीत याला पैशाचंही कारण आहे. फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. देशी उद्योगासाठी ते बरं का वाईट हा वेगळा विषय, पण अशा वातावरणात परदेशी ठोकळ्यांचा खोका घरी आला की तो खेळणं म्हणून येत नाही, दागिना म्हणून येतो. आणि दागिना लॉकरमध्ये ठेवायचा असतो.

शाळांची गोष्ट तर आणखी अवघड. जिल्ह्यातल्या एका शाळेत मी स्वतः पाहिलं, कुणा दात्याने दिलेला ठोकळ्यांचा संच कपाटात, प्लॅस्टिकचं वेष्टनसुद्धा न काढलेला. गुरुजींना नावं ठेवायला जागा नाही. वस्तू आली की ती डेडस्टॉक रजिस्टरला चढते. रजिस्टरला '४५० नग' लिहिलं की वर्षाअखेर ४५० नग दाखवावे लागतात. तीस पोरं, साडेचारशे चिमुकले नग, आणि एक नग हरवला तरी उत्तर द्यायचं गुरुजींनी. कुणीही शहाणा माणूस कुलूपच लावेल. म्हणजे मोजण्याची पद्धत हीच खेळायला आडवी येते. दात्याला माझं एवढंच सांगणं असतं: देताना नगांनी देऊ नका, वजनाने द्या, आणि पत्रात 'वापरून झिजण्यासाठी, हरवण्यासाठी' असं स्पष्ट लिहा. खडू जसे वापरून संपायला असतात तसे हेही थोडे थोडे संपणार, हे आधीच मान्य केलं की कपाट उघडायची भीती कमी होते.

हरवण्याबद्दलच बोलायचं तर एक गंमत सांगतो. २०२० मध्ये प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावर वाहून आलेले जुने लेगो तपासले आणि अंदाज काढला की समुद्रात एक ठोकळा १०० ते १,३०० वर्षं टिकू शकतो. निसर्गाच्या दृष्टीने ही भयंकर बातमी आहे. पण घरच्या दृष्टीने तिचा अर्थ असा की ठोकळा खराब होईल ही भीती व्यर्थ आहे. ठोकळा आपल्याला, आपल्या पोरांना आणि त्यांच्या पोरांना पुरून उरणार आहे. त्याच्या मानाने पोराचं सात वर्षांचं असणं फार लवकर संपतं. जपायचं काय ते ठरवा.

जुन्या बालशिक्षणवाल्यांना हे बरोबर कळलं होतं. जर्मनीत फ्रोबेलने एकोणिसाव्या शतकात मुलांसाठी लाकडी ठोकळ्यांच्या पेट्या केल्या. खेळ संपला की ठोकळे पुन्हा घन करून पेटीत बसवायचे, हा खेळाचाच भाग. पण तिथे प्रत्येक पेटीत ठोकळे मोजके आणि आकार अगदी थोडे. म्हणून लहान मुलाला ते जमायचं. माँटेसरी पद्धतीत कपाटं ठेंगणी, मुलाच्या हाताला येतील अशी, आणि वस्तू मुलानेच घ्यायची, मुलानेच ठेवायची. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तिथे महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, खडे, पानं आली. हरवलं तर हरवलं, उद्या नवीन गोळा करू. साधन स्वस्त झालं की कुलूप गळून पडतं.

याच वाटेवरचे अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचे इंजिनियर, पुण्यात टेल्कोत नोकरी, आणि १९७८ मध्ये होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या प्रयोगात गेले असताना त्यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून मेकॅनो केला. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षं काम केलं, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या या मेकॅनोत नगांचे प्रकार किती? मुळात दोन, काडी आणि नळी. वर्गीकरणाचा प्रश्नच मिटला! दोन खिशात मावतं सगळं. याचा अर्थ लेगो वाईट असा नाही. पण प्रकार वाढले की लावण्याचं ओझं वाढतं आणि ते ओझं कुणाच्या तरी डोक्यावर जातं, हे त्यातून दिसतं.

असो. तत्त्वज्ञान पुरे, आता आमची व्यवस्था सांगतो. जशीच्या तशी घ्या असं नाही, पण तिच्यामागचं कारण बघा.

पहिलं, तीन वर्षांखालच्या मुलांसाठी मोठे ठोकळे वेगळे. लेगोचे ड्युप्लो प्रत्येक मापात बरोबर दुप्पट असतात आणि लहान ठोकळ्यांवर बसतातही, म्हणून ते एकत्र ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. बारीक नग घशात अडकू शकतात. ही एक विभागणी अशी आहे जिच्यात आळस चालणार नाही, आणि ही मोठ्यांनीच सांभाळायची.

दुसरं, मोठा ढीग. साधे ठोकळे आणि पट्ट्या, सगळे रंग एकत्र. डबा नाही, एक जुनी जाड चादर. अंगणात किंवा ओसरीवर चादर पसरली की खेळायची जागा झाली. झालं की चार कोपरे उचलायचे, गाठोडं बांधायचं, डाळिंबाच्या क्रेटमध्ये ठेवायचं. एक मिनिट. हे चार वर्षांच्या पोरालाही जमतं. आणि ढीग चिवडताना जो खळखळ आवाज होतो आणि शोधायला गेलो एक तर सापडलं भलतंच, यात अर्धा खेळ आहे. त्या भलत्याच सापडलेल्या तुकड्यामुळे घराचं विमान होतं. फार नीट लावलेल्या डब्यात ते होत नाही.

तिसरं, ढिगात हरवणारे नग तेवढे बाहेर. यासाठी खुराड्याला लावतात ती अर्ध्या इंची जाळी लाकडी चौकटीला ठोकली. एक उंचवटा रुंदीचे नग बरेचसे खाली पडतात, दोन उंचवट्यांचे बहुतेक वर राहतात. खालचा माल सहा डब्यांत: चाकं-आसं, माणसं, दारं-खिडक्या, बिजागऱ्या आणि फिरणारे भाग, उतरते ठोकळे, आणि 'काय आहे कळत नाही'. हा सहावा डबा सगळ्यात महत्त्वाचा. तो नसेल तर मूल अडतं आणि मोठ्यांना हाक मारतं. डबे श्रीखंडाचे आणि आइस्क्रीमचे, लेबल म्हणजे डब्यावर चिकटवलेला तोच नग. वाचता न येणाऱ्यालाही कळतं.

चौथं, कमी पकड असलेले स्वस्त ठोकळे वेगळ्या पिशवीत. ते मधेच सुटतात, बांधलेलं कोसळतं आणि पोरं रडतात. फेकत नाही, त्यांचे भाव पाडतो: रस्ते, कुंपणं, उसाच्या गाडीतला ऊस :)

जुने ठोकळे आणले तर कोमट पाण्यात साबण घालून धुवा, ४० अंशांच्या वर पाणी नको, आणि सावलीत वाळवा. आमच्याकडच्या उन्हात वाळवण चांगलं होतं, ठोकळे मात्र पिवळे पडतात.

आता आक्षेप. मोठ्या माणसांचे संग्रह? जो स्वतःच काढतो आणि स्वतःच ठेवतो त्याने साठ काय, सहाशे कप्पे करावेत. परत ठेवणारा तोच आहे, किंमत तोच मोजतोय, आणि बहुधा त्यालाच ती मजा आहे. माझं काही म्हणणं नाही. दुसरा आक्षेप, मुलांना शिस्त कशी लागणार? दहा मिनिटांचं काम रोज स्वतः करणं ही शिस्त आहे. पंचवीस मिनिटांचं काम आईने केलेलं बघणं ही शिस्त नाही, तो दुसराच धडा आहे आणि तो आपल्या घरांत आधीच भरपूर शिकवला जातो. तिसरा, सेट अपुरे होतील, खोक्यावरचं मॉडेल पुन्हा बांधता येणार नाही. नाही येणार. ज्याला ते हवंय त्याने एखादा खोका वेगळा ठेवावा. पण बाकीचे ढिगात जाऊ द्या. सहा ठोकळ्यांच्या एक्क्याण्णव कोटी शक्यतांपैकी खोक्यावर एकच छापलेली असते.

तेव्हा तुमच्या घरी, फ्लॅटच्या माळ्यावर किंवा शोकेसच्या वरच्या फळीवर असा एखादा खोका पडून असेल तर या विकांती खाली काढा. लेबलं छापायच्या आधी, डबे ऑर्डर करायच्या आधी, ज्याला खेळायचंय आणि ज्याला आवरायचंय त्या दोघांना समोर बसवा आणि दहा मिनिटांत किती डबे भरता येतात ते मोजा. तेवढेच डबे करा. एक नग सोफ्याखाली गेला तर जाऊ द्या. हजार वर्षं टिकणारी वस्तू आहे, झाडताना सापडेल.